छर्रे आधी, यंत्र नंतर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनजवळ एका घरातलं जुनं सामान विक्रीला निघालं होतं. तिथल्या तळघरात एक जपानी पाचिंको यंत्र (उभ्या फळीवर खिळ्यांमधून छर्रे उडवायच्या खेळाचं) दिसलं आणि मी ते घेऊन टाकलं. पैसे दिले आहेत, यंत्र अजून तिथेच आहे. पुढच्या महिन्यात आणायला जायचं आहे. काच शाबूत आहे, किल्ली मात्र हरवलेली. आत छर्रे असावेत, हलवलं की खुळखुळ वाजतं. आमची गाडी साधीच आहे, मागच्या सीट आडव्या होतात. यंत्र धडपणे घरी कसं आणावं? मुळात जपानी यंत्र पेनसिल्व्हेनियातल्या तळघरात आलं कसं? आणि काही वर्षांनी आम्ही पुण्याला परतू, तेव्हा ते सोबत नेता येईल का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : खुळखुळ वाजतं म्हणालात, तिथूनच सुरुवात करतो. पाचिंकोच्या प्रवासात रस्त्यातल्या खड्ड्यांपेक्षा मोठा वैरी यंत्राच्या पोटातच असतो. पाचिंकोचा छर्रा 11 मिलिमीटर व्यासाचा, पोलादी, साधारण साडेपाच ग्रॅम वजनाचा. एकटा असला तर निरुपद्रवी. पण टाकीत चार-साडेचारशे छर्रे राहिले असतील तर ते जवळजवळ अडीच किलो पोलाद झालं, आणि गाडीने वळण घेतलं की ते सगळं एकदम एका बाजूला आदळणार. मागचे पन्हाळ, झडपा, दांड्या हे सगळं पन्नासेक वर्षांचं प्लास्टिक आहे. एवढ्या वर्षांत ते ठिसूळ होतं आणि एकदा तडकलं की तसाच भाग पुन्हा मिळणं मुश्कील. म्हणून यंत्र जागचं हलवण्याआधी ते पूर्ण रिकामं करा. विकणारे ‘आहे तसंच उचला, घरी जाऊन सावकाश काढा’ म्हणतील. तेवढं मात्र ऐकू नका.

किल्ली नाही म्हणून घाबरू नका, आणि पुढचं दार पेचकस घालून उचकटूही नका. यंत्र भिंतीपासून मोकळं असलं की बहुतेक जुन्या पाचिंकोंच्या कुलपाच्या खिट्टीपर्यंत मागून हात पोचतो. आधी मागची बाजू नीट पाहून घ्या. हात लावण्यापूर्वी मोबाइलवर भरपूर फोटो काढा : सबंध पाठ, मग प्रत्येक कोपरा, प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते. मागे चिकटवलेले कारखान्याचे किंवा तपासणीचे कागद फाटके दिसले तरी खरवडू नका. यंत्र कुणी आणि केव्हा बनवलं याचा पुरावा बऱ्याचदा तेवढाच उरलेला असतो.

वर छर्ऱ्यांची उघडी टाकी दिसेल. तिच्यातले छर्रे मुठीमुठीने काढून जाड कापडी पिशवीत भरा. टाकीखालच्या पन्हाळात आणि उभ्या नळ्यांत जे राहतात ते हाताने निघत नाहीत. ते यंत्राकडूनच बाहेर काढवून घ्यायचे. त्यासाठी बक्षिसाची रचना समजून घ्या. ती मोठी देखणी आहे, आणि तुमच्या यंत्राला पुढे खटका असेल, म्हणजे तो 1970च्या आसपासचा हातखटक्याचा नमुना असेल, तर ती जवळपास निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालते. समोरच्या एखाद्या खणात छर्रा पडला की तो फळीच्या मागे जातो, उताराने घरंगळत एका तोललेल्या दांडीवर येऊन बसतो. त्याच्या साडेपाच ग्रॅमने दांडी कलते, नळ्यांची झडप सुटते, मोजून दहा किंवा पंधरा छर्रे खालच्या ताटात ओतले जातात, जाताजाता घंटीवर टोला पडतो आणि दांडी पुन्हा जागेवर येते. मोजणी नळीच्या लांबीनेच होते. नळीत जेवढे मावतात तेवढेच मिळतात. तर तुम्ही एक छर्रा वरून खणात टाकत राहा आणि ताटात आलेले छर्रे काढून घेत राहा. घंटी वाजूनही काही पडेनासं झालं की नळ्या रिकाम्या.

मग दोघांनी मिळून यंत्र हळूच डावीकडे, उजवीकडे कलतं करा आणि कान द्या. एखादा छर्रा अडकलेला असतोच. तो आइस्क्रीमच्या काडीने ढकला, धातूचं काही आत घालू नका. यंत्र पालथं करून झटकायचं तर अजिबात नाही. मागच्या कित्येक दांड्या नुसत्या खुंटीवर टेकलेल्या असतात, त्या निसटतात. आणि सांडलेले छर्रे गोळा करायला लोहचुंबक वापरू नका. छर्ऱ्यांत चुंबकत्व उतरलं की ते पन्हाळात एकमेकांना चिकटून बसतात आणि यंत्र उगाचच बिघडल्यासारखं वागतं.

आता काच. त्या काळची साधी काच फुटली तर सुऱ्यांसारखे तुकडे होतात. दार उघडलं की ती खाचेतून सरकवून काढता येते. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून, वेगळी, उभी न्या. काच काढली की समोर फक्त खिळे उरतात, आणि माझ्या मते खरी जपणूक इथे आहे. पितळी खिळे ठोकताना ते किंचित वर झुकलेले ठेवतात, म्हणजे छर्रा त्यांच्यावरून ठरल्या वेगाने उड्या घेतो. नागोयाच्या ताकेइची मासामुरा यांनी 1948च्या सुमाराला खिळ्यांची जी मांडणी बसवली, तिच्यावर आजतागायतचा पाचिंको उभा आहे. तिच्यात खिळ्यांचे गट पाडलेले, मध्ये फिरत्या चकत्या आणि खणांकडे नेणाऱ्या वाटा. जपानी पाचिंकोघरांत खिळे हातोडीने केसभर इकडे-तिकडे वळवणारे तरबेज कारागीर असत. खणाच्या तोंडावरच्या दोन खिळ्यांमधलं अंतर जरा बदललं की दिवसाचा हिशेब बदले. गाडीत खिळ्यांवर गोधडी दाबून बसली, तर त्यांनी राखलेलं ते केसभर अंतर तुम्ही एका प्रवासात घालवाल. म्हणून काचेच्या खाचेत तेवढ्याच मापाचा जाड पुठ्ठा सरकवा. तो खिळ्यांना टेकत नाही ना, हे बाजूने डोकावून बघा, आणि मगच वरून पांघरूण घाला.

फळीवर चिकटपट्टी नको. चित्रांचा रंगीत थर बहुधा सेल्युलॉइडचा असतो, पट्टी ओढली की तो सुटून येतो. ट्यूलिपच्या पाकळ्या (छर्रा पडला की उघडणारा आणि पुढचा पडला की मिटणारा तो प्लास्टिकचा खण, हे 1960पासूनचं वैशिष्ट्य) मिटलेल्या ठेवा. मागच्या हलणाऱ्या दांड्या मऊ सुती नाडीने सैलसर बांधा. आवळू नका, त्या एकमेकींवर आपटू नयेत एवढंच हवं.

हे यंत्र तिथे आलं कसं, ते इथेच सांगतो, कारण पुढचं बांधणं त्यावरच अवलंबून आहे. जपानी पाचिंकोघरांत यंत्रं लांबच लांब रांगांनी, पाठीला पाठ लावून बसवलेली असत आणि कामगार मधल्या चिंचोळ्या बोळातून टाक्या भरत. गिऱ्हाइकांना सतत नवं हवं असे, त्यामुळे यंत्रं भराभर बदलली जात. त्यातच 1970च्या दशकात विजेवर छर्रे उडवणारी मूठ आली आणि अंगठ्याने खटका दाबायची यंत्रं मोडीत निघू लागली. अमेरिकी व्यापाऱ्यांनी ती ढिगाने उचलली, जहाजातून आणली, पुसूनपासून मोठ्या दुकानांतून घरगुती करमणूक म्हणून विकली. घरोघरी तळघरात ती काही वर्षं वाजली आणि मग गप्प झाली. ओहायोपासून कॅलिफोर्नियापर्यंत जुन्या सामानाच्या विक्रीत निशिजिन, सांक्यो, हेइवा ही नावं अजून दिसतात ती याच मालामुळे.

यातली काही यंत्रं इकडे नव्या लाकडी पेटीत बसवून विकली गेली, तर काही नुसतीच, पाठ उघडी. तुमचं कोणतं आहे ते पाहा. पेटी असली तर पाठीचा सगळा पसारा तिच्या आत सुरक्षित असतो. पेटी नसेल तर तीच पाठ सर्वांत नाजूक बाजू समजा. यंत्र साधारण 81 सेंटिमीटर उंच, 52 सेंटिमीटर रुंद, वजन रिकामं असताना पंधरा-सोळा किलोच्या घरात. शक्यतो उभंच न्या : पुढच्या सीटच्या मागे, पाठीला आधार देऊन, बेल्टने किंवा पट्ट्याने लाकडी चौकटीवरून बांधून. उभं मावत नसलं तर तोंड वर करून आडवं चालेल, पण वजन चौकटीवर पडलं पाहिजे. दोन्ही बाजूंना चौकटीखाली लाकडी ठोकळे ठेवून यंत्र इतकं उचला की पाठीमागचं प्लास्टिक अधांतरी राहील. तोंड खाली करून कधीच नको, खालचं ताट आणि खटका पहिल्या धक्क्याला तुटतील. उचलताना दोघांनी चौकटच धरा. ताट हाताशी येतं म्हणून हात आपोआप तिथे जातो, पण ते दोन-चार स्क्रूंवरच लटकलेलं असतं.

छर्ऱ्यांची पिशवी यंत्राजवळ नको, पुढे पायाशी ठेवा. वाटेत जेवायला थांबलात तर गाडी उन्हात उभी करू नका. सेल्युलॉइड उष्णतेने आकसतं, उचकटतं आणि सहज पेटतंही. हिवाळ्यात आणलंत तर घरात आणल्या आणल्या उघडू नका. थंड धातूवर घरातल्या हवेचं पाणी धरतं, ते आपोआप वाळू द्या.

घरी आल्यावर तेलाची बाटली दूर ठेवा. कुरकुर ऐकली की फवारा मारावासा वाटतो, पण पन्हाळात तेल गेलं की धूळ चिकटते आणि छर्रे अडखळू लागतात. पन्हाळ कोरड्या ब्रशने झाडा, छर्रे फडक्याने पुसा. गंजून खरबरीत झालेले बाजूला काढा, तेवढ्याच मापाचे नवे मिळतात. जुन्यांतल्या काहींवर कुठल्यातरी पाचिंकोघराची अक्षरं कोरलेली सापडतील. ते छर्रे टाकू नका. आत दिवे असतील तर कमी व्होल्टेजचे असतात, त्यांची वायर सरळ भिंतीतल्या प्लगला जोडू नका.

आणि बसवताना ओळंबा घ्या. पाचिंको अगदी काटकोनात उभा राहिला तर नीट खेळत नाही, तो मागे जरासा रेललेला असावा लागतो. वरच्या कडेपासून ओळंबा सोडला तर वरची कड खालच्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटर मागे दिसायला हवी. आडवी पातळी मात्र काटेकोर ठेवा, नाहीतर सगळे छर्रे एकाच बाजूच्या खणांकडे झुकतात. आणताना बांधलेल्या नाड्या सोडायला विसरू नका.

पुण्याचं म्हणाल तर नेता येईल, फक्त विमानात बॅग म्हणून नको. लांबी, रुंदी, उंची मिळून 158 सेंटिमीटर आणि 23 किलो ही बहुतेक विमान कंपन्यांची साधी मर्यादा. नुसतं यंत्रच त्या मापाच्या काठावर आहे, भोवती फोम आणि खोका आला की ते हमखास बाहेर जातं. शिवाय सामान टाकणारे हात ते उभं ठेवतील याची खात्री कोण देणार? घरसामान जहाजाने पाठवाल त्यात ते जाऊ द्या. खोका प्लायवुडचा करून घ्या. साध्या लाकडाचा केलात तर ते उष्णता देऊन कीडमुक्त केल्याचा शिक्का त्यावर लागतो, प्लायवुडला तो लागत नाही. काच आणि छर्रे पुन्हा वेगळे. सामानाच्या यादीत त्याचं वर्णन स्वच्छ लिहा : वापरलेलं जुनं यांत्रिक खेळयंत्र, घरगुती वापरासाठी. पुण्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका. पावसाळ्यात ती भिंत ओल धरते, मागची प्लायवुडची फळी फुगते आणि खिळे आपोआप ढिले होतात. घराच्या आतली, दोन खोल्यांमधली भिंत निवडा आणि यंत्राच्या मागे हात जाईल एवढी जागा मोकळी सोडा, कारण टाकी भरायला तुम्हाला तिथूनच जावं लागणार आहे.