सोडलेला बकरा की बळीचा बकरा?

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लेवीय १६:५-२८, रोमकरांस पत्र ५:११

इंग्रजी वृत्तपत्रांत ‘स्केपगोट’ हा शब्द आपल्या दृष्टीस वारंवार पडत असेल. एखाद्या खात्यात गैरव्यवहार उघडकीस येतो, वरिष्ठ सहीसलामत सुटतात आणि एका कारकुनाला निलंबित केले जाते. तो कारकून ‘स्केपगोट’ ठरतो. मराठी वृत्तपत्रे त्यालाच ‘बळीचा बकरा’ म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असे आपण धरून चालतो. परंतु शास्त्रभाग उघडून पाहा. तेथे बकरे दोन आहेत. चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वरासाठी ठरतो, आणि त्याचा वध होतो. दुसरा जिवंत राहतो. महायाजक आपले दोन्ही हात त्याच्या मस्तकावर ठेवून लोकांची पातके कबूल करतो व मग त्याला रानात पाठवण्यात येते. ‘स्केपगोट’ तो हा दुसरा; बळी गेलेला तो पहिला. आपल्या रूढ मराठी शब्दाने एका बकऱ्याच्या जागी दुसरा उभा केला आहे!

हा इंग्रजी शब्द विल्यम टिंडेल यांनी घडवला. मोशेची पाच पुस्तके मूळ इब्री भाषेतून इंग्रजीत आणून त्यांनी १५३० मध्ये छापली. (पुढे १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ त्यांना गळा आवळून मारण्यात आले व त्यांचे शव जाळण्यात आले.) लेवीय १६ व्या अध्यायात ‘अजाजेल’ हा शब्द चार वेळा येतो, इब्री शास्त्रात अन्यत्र कोठेही नाही. टिंडेल यांनी त्याची फोड ‘एझ’ म्हणजे बकरा आणि ‘अझल’ म्हणजे निघून जाणे अशी घेतली. प्राचीन ग्रीक व लॅटिन भाषांतरांचा कलही याच बाजूला होता. ‘एस्केप’चे त्या काळी प्रचारात असलेले छोटे रूप ‘स्केप’. त्याला ‘गोट’ जोडला आणि शब्द तयार झाला. १६११ च्या अधिकृत भाषांतराने तो तसाच ठेवला. १८८५ च्या सुधारित आवृत्तीने मात्र तो काढून ‘अजाजेल’ हे नावच घातले, कारण अनेक अभ्यासकांच्या मते ते रानातील एखाद्या दुष्टात्म्याचे नाव असावे. काही यहूदी टीकाकार त्याचा अर्थ ‘खडकाळ जागा’ असा करतात. तोपर्यंत शब्द शास्त्राबाहेर पडून लोकांच्या तोंडी बसला होता. दुसऱ्याच्या दोषाचा भार वाहणारा माणूस, हा त्याचा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला आहे.

तर मराठीत काय लिहावे? काही वर्षांपूर्वी हा अध्याय मी ‘सोडलेला बकरा’ असे शब्द योजून उतरवला आणि मोठ्या समाधानाने एका खेड्यात वाचून दाखवला. कच्चा मसुदा असा वाचून दाखवण्याची आम्हा भाषांतरकारांची रीत आहे. ऐकणाऱ्यांत एक वृद्ध धनगर होते. ते म्हणाले, “म्हणजे देवाला सोडलेला. मग त्याला कोण हात लावणार? तो कोणाच्याही शेतात चरेल.” माझे समाधान तेथेच विरले. देवाच्या नावाने सोडलेला वळू आपल्या खेड्यापाड्यांत पूज्य असतो. त्याला कोणी हाकलत नाही. लेवीयातील बकरा तर पापाच्या भाराने छावणीबाहेर काढलेला आहे. शब्द बरोबर होता, पण चित्र उलटे उमटले होते. (तो बकरा सुटतही नसे. मंदिराच्या अखेरच्या काळात त्याला कड्यावरून ढकलून देत, असे मिश्ना या यहूदी ग्रंथात वर्णन आहे.)

याच अध्यायातील दुसरा शब्द ‘अटोनमेंट’. तोही टिंडेल यांनीच घडवला असे पुष्कळ उपदेशक सांगतात. ते खरे नाही. त्यांचे कडवे विरोधक सर थॉमस मोर यांच्या लेखनात तो आधीच आढळतो. टिंडेल यांनी १५२६ च्या नव्या करारात त्याला स्थान दिले एवढेच. शब्दाची फोड मात्र सरळ आहे : ‘ॲट वन’, म्हणजे एक झालेले, आणि पुढे ‘मेंट’. जुन्या इंग्रजी उच्चारात ‘वन’ला ‘ओन’ म्हणत. ‘अलोन’, ‘ओन्ली’ या शब्दांत तो उच्चार टिकून आहे. भांडलेले दोघे पुन्हा एक होणे, हा त्याचा मूळ अर्थ. रोम ५:११ मध्ये आपल्याकडे ‘समेट’ आहे, तो याच्या अगदी जवळचा.

लेवीयात आपण ‘प्रायश्चित्त’ वाचतो. मराठी माणूस प्रायश्चित्त घेतो, म्हणजे चूक ज्याची त्यानेच ते घ्यायचे. आपल्या पवित्र शास्त्रात मात्र याजक लोकांसाठी प्रायश्चित्त करतो. केवळ क्रियापद बदलले आहे, आणि त्या बदलात सारा सिद्धांत आहे. नव्याने मंडळीत आलेल्या वाचकाला तो फरक आपोआप कळेल अशी माझी खात्री नाही. उपास व पदयात्रा करून आपणच आपले प्रायश्चित्त पुरे केले, असे सांगणारे सज्जन ख्रिस्ती मला भेटले आहेत.

शेवटी मसुद्यात मी ‘अजाजेल’ हेच नाव ठेवले आणि खाली टीप दिली. तो पुन्हा वाचला तेव्हा त्याच आजोबांनी विचारले, “आणि त्याला रानात नेणारा माणूस? त्याला परत घरात घेत का?” मी २६ वे वचन वाचून दाखवले : त्याने आपली वस्त्रे धुवावी, पाण्याने अंग धुवावे आणि मग छावणीत यावे, अशी आज्ञा आहे. आजोबांनी मान डोलावली.