अब्जांश पदार्थांची घडण

मुळशी तालुक्यात लवळे येथे सिम्बायोसिस विद्यापीठाच्या आवारात अब्जांश विज्ञान व तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. तेथून जवळच, पुण्यातील पाषाण येथे, 1950 सालापासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा कार्यरत आहे. पिरंगुट, लवळे, घोटावडे या भागातील आपली मुलेमुली या संस्थांची नावे ऐकून असतात. परंतु ‘नॅनो’ या नावाखाली तेथे नेमके काय करतात, असे विचारले तर बी.एस्सी. झालेला विद्यार्थीही गप्प बसतो. हा विषय फार मोठ्या लोकांचा, आपला नव्हे, अशी एक समजूत त्यामागे असते. ती काढून टाकावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बारावीचे रसायनशास्त्र ज्याला समजले त्याला हा विषय समजतो.

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. म्हणून मराठीत ‘अब्जांश’ हा शब्द रूढ झाला. साधारणपणे 1 ते 100 नॅनोमीटर आकाराच्या कणांना अब्जांश कण म्हणतात. पण केवळ लहान असण्यात विशेष ते काय? एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ 6 चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर सर्व तुकड्यांचे मिळून पृष्ठफळ 6000 चौरस मीटर होते, म्हणजे जवळजवळ दीड एकर! पदार्थ तेवढाच, वजन तेवढेच. हे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, आतल्या अणूंना त्यात वाव नसतो. सोन्याच्या 2 नॅनोमीटर व्यासाच्या कणात सुमारे 250 अणू असतात आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पृष्ठभागावर असतात.

आता हे कण घडवायचे कसे? मोठा पदार्थ दळून बारीक करणे हा एक मार्ग आहे, पण त्यात सारखेपणा येत नाही. दुसरा मार्ग अणू-अणू जोडून कण वाढवण्याचा. सन 1857 मध्ये मायकेल फॅरडे यांनी सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसने क्षपण करून माणकासारखे लाल द्रावण तयार केले. सन 1951 मध्ये टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची सोपी रीत दिली. सोन्याच्या क्लोराइडाच्या उकळत्या पातळ द्रावणात सोडियम सायट्रेट घालावयाचे. पिवळसर रंग जातो, द्रावण निळसर-करडे दिसू लागते आणि थोड्याच मिनिटांत त्याला लाल रंग येतो. हे कण सामान्यतः 15 ते 20 नॅनोमीटरचे असतात.

सायट्रेट येथे दोन कामे करते. ते सोन्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देते आणि तयार कणांच्या पृष्ठभागावर बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. सायट्रेटचे प्रमाण वाढवले तर कण लहान होतात. याचे कारण आपल्या स्वयंपाकघरातही सापडेल. साखरेचा घट्ट पाक घोटत राहिलो तर एकाच वेळी असंख्य बारीक कण धरतात आणि रवाळ साखर होते. तोच पाक दोरा सोडून स्थिर ठेवला, तर थोड्याच जागी साखर धरते आणि खडीसाखरेचे मोठे खडे होतात. सुरुवातीला बीजे किती पडली आणि वाढ केव्हा थांबली, यावर आकार ठरतो. लहान कण करणे अवघड नाही. हवे तेवढेच, सगळे सारखे आणि उद्या पुन्हा तसेच करणे अवघड आहे. या शास्त्राची खरी कसोटी तीच होय.

या बाबतीत पुण्यात झालेले काम आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम बुरशीकडून हे कण करवून घेतले. हरभरा, केळी यांना मर रोग आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीच्या साहाय्याने चांदीचे कण मिळाल्याचे त्यांनी 2003 साली प्रसिद्ध केले. पुढे 2004 साली ‘नेचर मटेरियल्स’ या नियतकालिकात त्यांचा आणखी एक निबंध आला. त्यात त्यांनी वापरला होता गवती चहा! मुळशीत ज्याची जुडी पावसाळ्यात घरोघरी चहात पडते, तोच. त्याच्या पानांचा पाण्यातील अर्क सोन्याच्या क्षारात मिसळला असता, भट्टी न लावता, सोन्याचे पातळ त्रिकोणी पत्रे तयार झाले. गोल कणांचा रंग लाल. हे त्रिकोण मात्र डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही शोषतात. आकार बदलताच गुण बदलतो, तो असा. सन 2005 मध्ये याच गटाने चिंचेच्या पानांच्या अर्कापासून असे त्रिकोण करून सेंद्रिय द्रवांच्या वाफा ओळखण्यासाठी त्यांचा उपयोग दाखवला.

त्यानंतर अशा निबंधांचा जणू पूर आला. पाला बदलला की नवा निबंध! पानाचा अर्क ऋतूप्रमाणे, जमिनीप्रमाणे बदलतो. त्यामुळे आषाढातले कण आणि चैत्रातले कण सारखे येतीलच असे नाही. द्रावणाला रंग आला म्हणजे काम झाले, असे मानू नये. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहून आणि प्रयोग पुनःपुन्हा करूनच निष्कर्ष काढावा.

उपयोगांपैकी उत्प्रेरण सर्वांत जुने. मोटारींच्या धुरातील विषारी वायू कमी करण्यासाठी प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे अतिसूक्ष्म कण सच्छिद्र आधारावर पसरलेले असतात. भारतात 1995 साली चार महानगरांत नव्या मोटारींना असे उत्प्रेरक सक्तीचे झाले. सोने मात्र निष्क्रिय धातू मानला जाई. परंतु अब्जांश सोने शून्य अंशाखालील तापमानालाही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवते, हे जपानचे मासातके हारुता यांनी 1987 मध्ये दाखवून दिले. उष्णतेने कण एकत्र येऊन मोठे झाले की ही शक्ती संपते.

ऊर्जासंचयनाची ओळख मुळशीला वेगळ्या रूपात आहे. ज्या धरणासाठी भातखाचरे गेली आणि ज्याविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर भिऱ्याला वीज होते. आणि तेथील एका संचाद्वारे खाली गेलेले पाणी पुन्हा वर चढवून वीज साठवता येते. विद्युतघटात हेच काम आयन करतात. घटातील कणाच्या आत आयनाला जेवढे अंतर जायचे, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. कण दहापट लहान केला तर वेळ शंभरपट कमी होतो. सन 1997 मध्ये जॉन गुडइनफ यांच्या गटाने मांडलेले लिथियम आयर्न फॉस्फेट हे विजेचे मंदवाहक. कण बारीक करून व त्यांवर कार्बनचा थर देऊनच ते उपयोगी ठरले. अर्थात पृष्ठभाग वाढला की नको त्या क्रियाही वाढतात, हे विसरून चालत नाही.

सुपरकपॅसिटर नावाच्या साधनात तर वीज पृष्ठभागावरच साठते. डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या पुण्यातील गटाने 2013 साली झाडांची गळालेली सुकी पाने हवा वगळून तापवली व त्यांपासून सच्छिद्र कार्बन केला. त्याच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे 1230 चौरस मीटर भरले. म्हणजे चिमूटभर भुकटीत बारा गुंठे! हिवाळ्यात रस्त्याकडेला आपण जो पालापाचोळा पेटवून देतो, त्याची ही किंमत आहे.

संवेदकांविषयी थोडक्यात. गर्भधारणा तपासण्याच्या बहुतेक पट्ट्यांवरील तांबडी रेघ ही सोन्याच्या अब्जांश कणांचीच असते. प्रतिपिंड जोडलेले कण त्या रेघेवर अडकून गोळा होतात, म्हणून ती दिसते. गॅसगळती ओळखणाऱ्या यंत्रात टिन ऑक्साइडच्या कणांवर प्राणवायू बसलेला असतो. ज्वलनशील वायू आला की तो निघून जातो आणि विजेचा रोध घटतो.

प्रयोगशाळेत काम करू इच्छिणाऱ्यांना एक सूचना. सुकी भुकटी श्वासावाटे फुप्फुसात जाते, म्हणून ती उघड्यावर हाताळू नये. चांदीचे कण जिवाणू मारतात, त्यात मैलापाणी शुद्ध करणारे उपयुक्त जिवाणूही आले. लवळ्याच्या बाजूचे पाणी मुळा नदीला मिळते आणि ती पुढे पुण्यातून वाहते. तेव्हा उरलेले द्रावण मोरीत न ओतता, वेगळ्या बाटलीत भरून, वर चिठ्ठी लावून ठेवावे.