स्नानाचे पाणी : टाकीचा गिझर की इन्स्टंट गिझर?

घरातील इंधनाचा विचार करताना स्वयंपाकाकडे सर्वांचे लक्ष जाते. परंतु स्नानासाठी पाणी तापविण्यास रोज किती इंधन वा वीज खर्ची पडते, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. एकेकाळी तांब्याचा बंब हे घराघरांतील या कामाचे साधन होते. त्यानंतर विजेचा रॉड आला, टाकीचा गिझर आला आणि आता टाकीविरहित, म्हणजेच 'इन्स्टंट' गिझर शहरांप्रमाणे ग्रामीण भागातही दिसू लागला आहे. हा गिझर घेतल्याने विजेची बचत होते, असा सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा आहे आणि कोणत्या घराने हा बदल करावा, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

उष्णतेचा हिशेब

एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते आणि १ युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. हिवाळ्यात नळाचे पाणी २० अंशांचे आहे आणि स्नानासाठी ते ४० अंशांचे हवे आहे असे मानल्यास, १५ लिटरच्या एका बादलीस ३०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला पावणेदोन युनिट आणि महिन्याला सुमारे ५२ युनिट वीज लागेल. साधन कोणतेही असो, पाण्याला द्यावयाची ही उष्णता बदलत नाही. गिझर बदलल्याने हा खर्च कमी होईल, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ होय.

मग बचत होते ती कोठे? टाकीतील तापलेले पाणी वापराविना उभे राहिले की त्याची उष्णता टाकीच्या भिंतींतून निसटत राहते. पाणी निवले की गिझर पुन्हा सुरू होतो. समजा, दिवसभर चालू ठेवलेली एखादी टाकी अशा प्रकारे रोज पाऊण युनिट गमावत असेल, तर महिन्याला २२ ते २३ युनिट वाया गेले. टाकीच्या गिझरवरील ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकित चिठ्ठीवर हे नुकसान नमूद केलेले असते. इन्स्टंट गिझरमध्ये पाणी साठत नाही किंवा जेमतेम एक ते तीन लिटर साठते. त्यामुळे हे नुकसान जवळजवळ टळते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ज्या घरी गिझर सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असतो, त्या घरास या बदलाचा खरा लाभ होईल. ज्या घरी स्नानापूर्वी अर्धा तास गिझर लावून नंतर बंद करण्याची शिस्त आहे, तेथे बचत अल्प होईल. जेथे रॉड वापरला जातो, तेथे विजेची बचत फारशी होणार नाही. मात्र पाण्यात बुडविलेल्या रॉडमुळे विजेचा धक्का बसण्याचा जो धोका असतो, तो टळेल. हे कारणही काही लहान नव्हे.

धार, दाब आणि वायरिंग

इन्स्टंट गिझरची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. ३ किलोवॉटचा गिझर मिनिटाला ४३ किलोकॅलरी उष्णता देतो. पाणी २० अंशांनी तापवावयाचे असल्यास त्यातून मिनिटाला जेमतेम सव्वादोन लिटरची धार मिळते. बादली भरण्यास सात मिनिटे लागतात. कोकणात नळाचे पाणी २७ अंशांचे असेल, तर तीच धार सव्वातीन लिटरांवर जाते. त्यामुळे शेजारच्या घरचा अनुभव उपयोगी पडला, तरी दूरच्या गावचा पडेलच असे नाही.

गावातील विजेचा दाब २३० व्होल्टवरून १९० व्होल्टपर्यंत उतरला, तर ३ किलोवॉटचा गिझर दोन किलोवॉटच्या आसपासच काम करतो आणि बादलीला दहा मिनिटे लागतात. टाकीच्या गिझरला अशा वेळी उशीर लागतो. पण पाणी आधीच तापवून ठेवता येते.

३ किलोवॉटचा गिझर सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. त्यास स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचे सॉकेट आणि चांगले अर्थिंग हवे. सोबत अर्थ लीकेज सर्किट ब्रेकर बसविणे हिताचे असते. जुन्या वायरिंगवर, दिव्यांच्या सॉकेटवर तो कदापि जोडू नये. ज्या घरी बोअरवेलचे जड पाणी येते, तेथे कांडीवर क्षारांचा थर बसतो. म्हणून वेळोवेळी सफाई करून घेणे आवश्यक ठरते.

गॅसचा गिझर

गॅसचा गिझर हाही टाकीविरहितच असतो आणि त्याची धार विजेच्या गिझरपेक्षा मोठी असते. त्याच्या खर्चाचा अंदाज सोप्या रीतीने काढता येतो. एक किलो गॅसमधून, काही उष्णता वाया जाते असे धरूनही, पाण्याला सुमारे १० युनिट विजेइतकी उष्णता मिळते. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरची किंमत १४२ ने भागावी. येणारा आकडा आपल्या वीजबिलाच्या शेवटच्या टप्प्यातील दराशी ताडून पाहावा. महाराष्ट्रात घरगुती वीजदर टप्प्यांनी वाढतो; १०० युनिटांपुढे दर चढतो. त्यामुळे पाणी तापविण्याचे ५२ युनिट कोणत्या टप्प्यात पडतात, यावर उत्तर अवलंबून असते.

परंतु येथे पैशापेक्षा मोठा प्रश्न जिवाचा आहे. हवा अपुरी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून तो कळतो. हा वायू कळत नाही. बंद स्नानगृहात माणूस बेशुद्ध होतो व मदत मिळण्यापूर्वीच प्राण गमावतो. अशा दुर्घटना महाराष्ट्रात घडल्या आहेत. म्हणून गॅसचा गिझर स्नानगृहाबाहेर, मोकळ्या हवेत लावावा आणि केवळ गरम पाण्याचा पाइप आत न्यावा. छोटी खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा हा त्याला पर्याय मानू नये.

गावाच्या दृष्टीने

हा निर्णय घरापुरता वाटला, तरी त्याचा परिणाम गावावरही होतो. एका रोहित्रावरील ३० घरांनी सकाळी एकाच वेळी ३ किलोवॉटचे गिझर लावले, तर ९० किलोवॉटचा भार येतो. १०० केव्हीएचे रोहित्र एवढ्यानेच जवळपास भरून जाते. टाकीच्या गिझरची वेळ मागेपुढे करता येते. इन्स्टंट गिझर मात्र स्नानाच्या वेळीच वीज ओढतो. अशा गिझरांची संख्या गावात वाढत असेल, तर रोहित्राच्या क्षमतेचा प्रश्न ग्रामपंचायतीने वीज वितरण कंपनीपुढे वेळीच मांडलेला बरा.

वसतिगृहे, आश्रमशाळा यांसारख्या ठिकाणी, जेथे अनेकांचे स्नान लागोपाठ होते, तेथे इन्स्टंट गिझरची बारीक धार पुरी पडत नाही. अशा संस्थांनी, तसेच छपरावर पुरेशी मोकळी जागा असलेल्या घरांनी, सौर बंबाचा विचार प्रथम करावा. पावसाळ्यातील ढगाळ दिवसांसाठी पूरक व्यवस्था मात्र हवी.

निर्णयापूर्वी चार प्रश्न

गिझर दिवसातून किती तास चालू राहतो? सकाळी लागोपाठ किती बादल्या लागतात? विजेचा दाब व घरचे वायरिंग कसे आहे? गॅस निवडल्यास गिझर स्नानगृहाबाहेर बसविण्यास जागा आहे काय? या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढल्यास निर्णय आपोआप स्पष्ट होतो. माणसे थोडी, स्नानाच्या वेळा वेगवेगळ्या आणि वीज भरवशाची असेल, तर इन्स्टंट गिझर सोयीचा. कुटुंब मोठे आणि विजेचा दाब कमी असेल, तर टाकीचा गिझर वेळेवर बंद करण्याची सवय हीच सर्वांत स्वस्त सुधारणा ठरते. तिला एक पैसाही खर्च येत नाही. शाळेतील शिक्षकांनी हा हिशेब विद्यार्थ्यांकडून त्यांच्या घरच्या बादलीवर आणि वीजबिलावर करवून घेतला, तर विज्ञानाचा एक पाठ घरोघरी पोहोचेल.