जुन्या कॅमेऱ्याचं लाइट मीटर: दुरुस्तीवर किती घालवायचे?

फिल्मचं वेड परत आलंय, त्यामुळे माळ्यावरच्या पेट्यांतून यशिका, झेनिट, पेंटॅक्स खाली उतरू लागलेत. शटर बहुतेक वेळा वाजतं, लेन्सही पुसल्यावर बरी निघते. घोडं अडतं ते मीटरपाशी. काटा हलतच नाही, किंवा हलतो पण भलतंच सांगतो. मग पुण्यात हडपसरहून कॅमेरा पिशवीत घालून गावात जायचं, दुकानदारानं दोन मिनिटं न्याहाळायचं आणि एक आकडा सांगायचा. तो आकडा वाजवी आहे की नाही, हे ओळखायला आपल्याकडे काहीच नसतं. खरं तर घरच्या टेबलावर पाचशे रुपयांच्या आत निदान करता येतं, आणि अनेकदा दुरुस्तीही तिथंच होते.

खाली दिलेले दर ढोबळ आहेत. दुकानागणिक आणि महिन्यागणिक ते बदलतात. घासाघीस कुठून सुरू करायची, एवढं कळण्यापुरतेच ते धरा.

आधी मीटर कोणत्या जातीचं आहे ते पाहा. खर्च ब्रँडवर कमी आणि या जातीवर जास्त ठरतो. लेन्सभोवती किंवा कॅमेऱ्याच्या कपाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडबडीत काच दिसली आणि बॅटरीचा कप्पा कुठंच नसला, तर ते सेलेनियमचं मीटर. १९६५पासून निघालेला रशियन झेनिट-ई, १९६७चा ऑलिम्पस ट्रिप ३५ आणि हातात धरायची वेस्टन मास्टर मीटरं याच घराण्यातली. उजेड पडला की सेलेनियम स्वतःच वीज तयार करतं आणि त्या विजेवर काटा हलतो. बॅटरीचा कप्पा असेल आणि कॅमेरा साठ-सत्तरच्या दशकातला असेल, तर आत बहुधा कॅडमियम सल्फाइडचा सेल असतो. मिनोल्टा एसआरटी १०१, निकॉरमॅट एफटीएन, कॅनन एफटीबी, यशिका-मॅट १२४ जी, पेंटॅक्स के १००० हे सगळे त्यातले. व्ह्यूफाइंडरमध्ये काट्याऐवजी लाल किंवा हिरवे दिवे लागत असतील, जसे निकॉन एफएम २ किंवा यशिका एफएक्स-३ सुपर २००० मध्ये लागतात, तर मीटर सिलिकॉनचं. ही तिसरी जात सगळ्यात कमी त्रास देते. दोन एलआर ४४ सेल बदलून आणि संपर्काच्या पट्ट्या पुसूनही दिवा लागला नाही, तर मात्र थेट कारागिराकडे जा. सर्किट बोर्डाशी घरी खेळू नका.

सेलेनियमचा निकाल पाच मिनिटांत लागतो. काच हातानं पूर्ण झाका, काटा शून्यावर यायला हवा. मग ती खिडकीबाहेरच्या आकाशाकडे करा, काटा सरसर वर जायला हवा. ट्रिप ३५ मध्ये काटा दिसत नाही. तिथं काचेवर तळहात ठेवून शटर दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल झेंडी आली आणि शटर अडलं, तर मीटर कमी उजेड ओळखतंय. उन्हात झेंडी न येता शटर सुटलं, तर काम झालं. अंधार आणि ऊन दोन्हींत झेंडीच येत असेल, तर सेल मेलाय किंवा त्याची वायर सुटली आहे.

मेलेल्या सेलेनियमवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. हा सेल चार्ज होत नाही. दमट हवेनं त्याच्या कडेचा संपर्क खराब झाला असेल, तर कारागीर तो साफ करून देतो आणि कधीकधी मीटर उठतं. हे काम पाचशे-हजारात होत असेल तर एकदा करून बघा. सेल बदलायचा म्हटलं, की दुसऱ्या कॅमेऱ्यातून काढलेलाच मिळतो, आणि तोही तितकाच म्हातारा असतो. दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या वर जायला मग वेळ लागत नाही. फोनवर लाइट मीटरचं फुकट अॅप टाका आणि झेनिट खुशाल वापरा, त्याच्या शटरला मीटरची गरज नसते. ट्रिपचं गणित वेगळं आहे. त्याचं स्वयंचलित एक्स्पोजर त्या सेलवरच चालतं, म्हणून विकत घेताना ही झेंडीची चाचणी दुकानातच करा. जुन्या बाजारात, बुधवारी असो की रविवारी, विकणारा ‘चालू आहे’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा शटरच म्हणायचं असतं.

आता खरी गंमत असलेली जात, बॅटरीवर चालणारी कॅडमियम सल्फाइडची. यातली निम्मी दुखणी बॅटरीचीच असतात. यांपैकी बऱ्याच कॅमेऱ्यांसाठी पीएक्स ६२५ नावाचा पाऱ्याचा सेल होता. तो १.३५ व्होल्ट द्यायचा आणि संपेपर्यंत तेवढेच देत राहायचा. मीटर त्या आकड्यावर लावलेलं असे. अमेरिकेनं १९९६ च्या कायद्यानं हे सेल बंद केले. पुढं पाऱ्याविषयीचा मिनामाटा करार २०१३ मध्ये झाला आणि भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. आज त्याच आकाराचा अल्कलाइन सेल मिळतो, पण तो १.५ व्होल्टनं सुरू होतो आणि वापरागणिक उतरत जातो. जास्त व्होल्ट मिळाले की मीटरला उजेड आहे त्याहून जास्त वाटतो आणि फोटो काळवंडतात. म्हणजे काटा छान हलतोय, पण रोल वाया. एक रंगीत रोल ब्रँडनुसार हजार-पंधराशेला पडतो, धुलाई आणि स्कॅनिंगचे आणखी चार-सहाशे. पन्नास रुपयांच्या चुकीच्या सेलनं दोन हजारांचं नुकसान होतं ते असं.

यावर तीन उपाय आहेत. पहिला आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल. सहाचं पाकीट साधारण दीडशे ते तीनशेला, श्रवणयंत्रांच्या दुकानात आणि मोठ्या मेडिकलमध्ये मिळतं. तो १.४ व्होल्ट देतो, म्हणजे मूळच्या अगदी जवळ. पण त्याचा व्यास सुमारे साडेअकरा मिलिमीटर आणि पीएक्स ६२५ चा साडेपंधराच्या वर. मधली जागा भरायला नळाच्या सामानाच्या दुकानातला पाच-दहा रुपयांचा रबरी वॉशर घ्या. स्टिकर काढल्यावर दोन मिनिटं थांबा, हवा लागल्याशिवाय सेल जागा होत नाही. त्याच्या अंगावरची बारीक भोकं मात्र झाकू नका. एकदा उघडला की वापरा न वापरा, तो दोन-तीन महिन्यांत सुकतो.

दुसरा उपाय म्हणजे एसआर ४४ हा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि त्याच्या जोडीला एक शॉटकी डायोड. सेल १.५५ व्होल्टचा, डायोड सुमारे ०.२ खातो, हिशेब जुळतो. डायोड तपकीर गल्लीत काही रुपयांत मिळेल. स्वारगेटला मेट्रो धरली की मंडई पुढचंच स्टेशन, तिथून चालत जा. डायोड आत बसवलेले तयार अडॅप्टर परदेशातून येतात, कस्टमसकट हजारोंत पडतात. रोज वापरणाऱ्यानंच घ्यावेत. इथं एक काळजी घ्या. हडपसरच्या गाडीतळावरच्या घड्याळवाल्याकडे ‘४४ नंबर’ मागितला की तो बहुधा एलआर ४४ देतो. तो अल्कलाइन असतो, दहाची पट्टी शंभराच्या आसपास. या कामाला तो चालत नाही, पाकिटावर ‘एसआर’ वाचूनच घ्या. पेंटॅक्स के १००० ला मात्र एलआर ४४ चालतो, कारण तो कॅमेरा मुळातच तशा सेलसाठी केलेला आहे. त्याच्या मीटरला बंद करायचं बटण नाही, लेन्सवर झाकण ठेवणं हेच बटण. यशिका-मॅट १२४ जी मध्ये वरचा हूड उघडला की मीटर चालू होतं, त्यामुळे हूड उघडा टाकून कपाटात ठेवला तर सेल महिन्याभरात संपलेला सापडेल. आणि १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये ब्रिज सर्किट आहे, त्याला व्होल्टचा हा फरक जाणवत नाही. ‘पाऱ्याचा सेल मिळत नाही, म्हणून मीटर बदलावं लागेल’ असं स्पॉटमॅटिकबद्दल कुणी सांगितलं, तर त्या दुकानातून नमस्कार करून बाहेर पडा.

तिसरा उपाय: कारागिराकडून मीटरच १.५५ व्होल्टवर लावून घेणं. कॅमेरा वर्षानुवर्षं वापरायचा असेल तर हाच उत्तम.

सेल योग्य असूनही काटा निर्जीव असेल, तर कप्प्यात डोकवा. झाकण जाम असेल तर नाण्यानं फिरवा, पक्कड लावू नका. तळाच्या पितळी पट्टीवर हिरवट-पांढरी भुकटी दिसेल. कापसाच्या काडीला पांढरा व्हिनेगर लावून ती पुसा. भुकटी किंचित फसफसते आणि काडी निळसर होते. काडीवर काहीच उतरेनासं झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुन्हा पुसा आणि सुकू द्या. किराण्यातलं व्हिनेगर पन्नासेक रुपये, अल्कोहोलची बाटली दीडशे-दोनशे. बरीच ‘मेलेली’ मीटरं इथंच उठतात.

इथं न उठलेल्यांमध्ये पुढचा संशयित म्हणजे कप्प्यापासून निघणारी वायर. बाहेरून प्लॅस्टिक चकचकीत असतं, पण आतलं तांबं सेलच्या गळतीनं काळं पडलेलं असतं, त्यावर झाळ बसत नाही. मिनोल्टा आणि निकॉरमॅटमध्ये हे हमखास आढळतं. वायर दोन रुपयांची, मजुरी तळाचं झाकण उघडून झाळकाम करायची. पाचशे ते दीड हजार वाजवी. काटा हलतो पण अॅपर्चर फिरवताना थरथरतो, उड्या मारतो, तर आतली कार्बनची रिंग झिजलेली आहे. ते काम पूर्ण सर्व्हिसमध्ये होतं, दोन ते पाच हजार. गॅल्व्हनॉमीटरची गुंडाळीच तुटली असेल, तर पुन्हा दुसरा कॅमेरा फोडून भाग काढायचा प्रश्न. तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असेल तर त्यावर सेलचे व्होल्ट जरूर मोजा, पण ओहमच्या रेंजवर ठेवून काट्याच्या गुंडाळीला लावू नका. त्या करंटनं चांगलं मीटर जळू शकतं.

मीटर चालू झालं, तरी खरं बोलतंय का ते तपासा. निरभ्र दुपारी, आयएसओ ४०० लावून, उन्हातल्या करड्या भिंतीवर किंवा रस्त्यावर कॅमेरा रोखा. एफ/१६ ला १/५०० च्या आसपास यायला हवं. हडपसरच्या पावसाळ्यात ही चाचणी करू नका, ढग दर मिनिटाला उत्तर बदलतात. मग सावलीत आणि घरात फोनच्या अॅपशी ताडून पाहा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच, समजा एक स्टॉप काळोखाकडे, तर दुरुस्तीचा खर्च शून्य: ४०० च्या रोलला डायल २०० वर ठेवा. फरक उन्हात एक आणि घरात वेगळा येत असेल, तरच कॅलिब्रेशनला पैसे द्या. अर्ध्या स्टॉपसाठी निगेटिव्ह फिल्म वापरणाऱ्यानं डोकं खपवू नये.

दुकानात द्यायचाच झाला, तर चार गोष्टी आधी विचारा. दुरुस्ती झाली नाही तरी तपासणीचे पैसे लागतील का? मीटर किती उजेडांवर तपासणार? एकावरच तपासलं तर ते कॅलिब्रेशन नव्हे, किमान तीन हवेत. कोणत्या सेलवर लावणार? बदललेला भाग परत देणार का? उत्तरं पावतीवर लिहून घ्या, सोबत बॉडी आणि लेन्सचे नंबरही. पुण्यात कुणी हात लावेना, तर मुंबईला सीएसएमटीसमोरच्या फोर्टमधली बोरा बाजाराची गल्ली आहे. कुरियरपेक्षा सकाळच्या गाडीनं स्वतः जाणं बरं, काट्याचा आधार केसाएवढ्या स्प्रिंगचा असतो आणि आपटल्यावर तो कुणाच्या हातून बिघडला हे सिद्ध करता येत नाही.

वाद झालाच, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पावती नसेल तर मात्र दाद मागणं अवघड जातं.

कप्प्यातून जुना पाऱ्याचा सेल निघाला, तर तो ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्याच्या संकलनात द्या. आणि दुकानात जाण्याआधी आत अर्धवट रोल नाही ना, ते पाहा: रिवाइंडची कळ हलक्या हातानं फिरवा, ताण लागला तर रोल आत आहे. तो आधी गुंडाळून काढून घ्या, नाहीतर मीटर तपासताना मागचं झाकण उघडलं की आतले फोटो गेले.