राष्ट्रीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये फुटबॉल या नावाने जो खेळ खेळला जातो तो आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. तेथील एक प्रथा मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे इतिहासाचे कालखंड राजांच्या कारकिर्दींवरून पाडले जातात, तसे तेथील विद्यापीठांच्या संघांचे कालखंड मुख्य प्रशिक्षकांच्या नावांवरून पाडले जातात. भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचा इतिहासही अशा प्रकारे सांगता येईल. परंतु त्यात एक मोठा फरक राहील. विद्यापीठाचा किंवा क्लबचा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंना रोज मैदानावर पाहतो. राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाचे खेळाडू दुसऱ्यांचे असतात. ते वर्षभर क्लबचे, पोलिस दलाचे अथवा रेल्वेचे म्हणून खेळतात आणि काही आठवड्यांपुरते त्याच्या हाती सोपवले जातात. भारतीय प्रशिक्षकांच्या यशापयशाचा विचार करताना ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे, कारण नावांच्या यादीपेक्षा तीच अधिक बोलकी आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतीय संघ १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी गेला. बलाईदास चटर्जी हे त्याचे प्रशिक्षक होते आणि नागा पर्वतप्रदेशातून आलेले तालिमेरेन आओ हे संघनायक. फ्रान्सविरुद्ध भारताचा २–१ असा पराभव झाला. दोन पेनल्टी वाया गेल्या नसत्या तर निकाल वेगळा लागला असता. बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले याचेच कौतुक पुढे पुष्कळ झाले.

चटर्जींनंतर ज्या गृहस्थाकडे संघाची सूत्रे आली ते व्यवसायाने शाळामास्तर होते. सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १९०९ साली हैदराबाद येथे झाला. शिक्षकी करीत असतानाच १९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले आणि १९५० पासून त्यांनी हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाला शिकविण्यास आरंभ केला. मुंबईच्या जुन्या प्रेक्षकांना या संघाची ओळख करून देण्याची आवश्यकता नव्हती. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक या पोलिसांनीच जिंकला.

रहीम यांच्या शिकवण्यात शाळेचा वर्ग दिसतो. मुलाचे अक्षर सुधारावयाचे तर त्याला गिरवावयास लावावे, याच रीतीने त्यांनी खेळाडूंच्या एकेका उणिवेसाठी वेगळा अभ्यासक्रम बसविला. ज्याचा डावा पाय कच्चा त्याला डाव्या पायानेच खेळावे लागेल असे सामने त्यांनी भरविले. चेंडू पायात घोळवीत ठेवण्याची हौस मोडावी म्हणून ड्रिब्लिंगला मज्जाव असलेल्या स्पर्धाही ठेविल्या. भारतीय खेळाडू शरीराने हलका, तेव्हा त्याने अंगावर अंग घालण्याच्या भानगडीत न पडता चेंडू लवकर पुढे द्यावा, हा त्यामागील हिशेब होता. एखाद्या परकीय पुस्तकातील पाठ तसाच्या तसा उतरविण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा होता.

मार्च १९५१ मध्ये दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धांचा अंतिम सामना झाला. सैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने इराणचा १–० असा पराभव केला. गोल साहू मेवालाल यांचा. पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारतावर तब्बल दहा गोल केले. थंडीत ओल्या मैदानावर अनवाणी पायांचा निभाव लागणे शक्य नव्हते. या पराभवानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. त्या दहा गोलांनंतर प्रशिक्षकाला निरोप देण्यात आला नाही, ही बाब आजच्या वाचकाला अधिक नवलाची वाटेल.

त्याचे फळ १९५६ साली मेलबर्नला मिळाले. यजमान ऑस्ट्रेलियाचा भारताने ४–२ असा पाडाव केला आणि त्यातील तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा या गोमंतकीय वंशाच्या आघाडीपटूचे होते. ऑलिंपिकमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्यानेच केला. पण सामना ४–१ असा गेला. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीतही बल्गेरियाने भारताला हरविले. हा चौथा क्रमांक म्हणजे भारतीय फुटबॉलने ऑलिंपिकमध्ये गाठलेली सर्वांत उंच पायरी होय. १९६० साली रोमला हंगेरीकडून केवळ २–१ असा पराभव आणि फ्रान्सशी १–१ अशी बरोबरी झाली, तरी पेरूकडून हार पत्करावी लागल्याने संघ गटातच राहिला.

जकार्ता येथील १९६२ च्या आशियाई स्पर्धांना रहीम गेले तेव्हा कर्करोगाने त्यांना ग्रासले होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. थायलंडविरुद्ध विजय मिळाला, पण मधल्या बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग याच्या डोक्याला जबर इजा झाली. डोक्याला टाके पडलेल्या बचावपटूला विश्रांती द्यावी असे कोणीही म्हटले असते. रहीम यांनी त्याला आघाडीवर खेळविले. वरवर पाहता हा जुगार वाटतो. परंतु जर्नेल तरुणपणी आघाडीला खेळलेला होता, आणि हे ठाऊक असणे हेच तर प्रशिक्षकाचे काम! उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या तीन गोलांपैकी एक त्याचा होता.

४ सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर उभा ठाकला. इझ्राएल व तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारतीय क्रीडा अधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी टीका केली होती. त्यामुळे सुमारे लाखभर प्रेक्षक भारताच्या विरुद्ध ओरडत होते. पहिल्या वीस मिनिटांत प्रदीपकुमार बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी एकेक गोल केला. शेवटी शेवटी कोरियाने एक फेडला. चुनी गोस्वामी यांचा संघ सुवर्णपदक घेऊन परतला. ११ जून १९६३ रोजी रहीम निवर्तले. त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाला तो २०२४ साली, म्हणजे एकसष्ट वर्षांनी.

रहीम यांचे गुण वादातीत आहेत. तरीही त्यांच्या यशाचे सारे श्रेय केवळ बुद्धीला देणे योग्य होणार नाही. हैदराबादच्या पोलिस संघात जे खेळाडू त्यांच्या हाताखाली वर्षभर घडत, त्यांपैकी अनेक जण राष्ट्रीय संघातही असत. अझीझुद्दीन आणि नूर महंमद यांना मेलबर्नला नव्याने काही शिकवावे लागले नाही. राष्ट्रीय प्रशिक्षकाला सहसा न लाभणारी गोष्ट, म्हणजे वेळ, रहीम यांना अशा रीतीने आडवाटेने लाभली. त्यांच्यामागून आलेल्यांपैकी कोणालाही ती तशी मिळाली नाही.

१९६४ साली हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या संघाने आशिया चषकात दुसरे स्थान मिळविले. १९७० मध्ये बँकॉकला जपानला हरवून कांस्यपदक मिळाले. त्या संघाच्या शिक्षणात बाशा यांच्या जोडीला प्रदीपकुमार बॅनर्जी होते. बॅनर्जी हे रहीम यांचेच शिष्य. १९६९ साली त्यांनी जर्मन तज्ज्ञ डेटमार क्रामर यांच्या हाताखाली फिफाचा अभ्यासक्रम पुरा केला होता. सामन्यापूर्वी खेळाडूंना बोलण्याने पेटविण्याची त्यांची हातोटी कोलकात्याच्या क्लबांत दंतकथेसारखी झाली. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून अगदी अखेरच्या क्षणी झालेल्या गोलाने हरला. क्लबात यशस्वी ठरलेल्या त्याच माणसाला राष्ट्रीय संघात तसे यश का आले नाही, याचे उत्तर त्याच्या वक्तृत्वात शोधून सापडणार नाही.

पुढची नावे पटापट येतात आणि तशीच जातात. युगोस्लाव्हियाचे मिलोव्हान चिरिच यांनी १९८४ साली, वीस वर्षांच्या खंडानंतर, संघाला आशिया चषकाच्या अंतिम स्पर्धेत नेले. १९६६ च्या विश्वचषकात हंगेरीचे गोलरक्षण केलेले योझेफ गेलेई थोडा काळ येऊन गेले. उझबेकिस्तानचे रुस्तम अक्रामोव्ह यांनी १९९५ मध्ये बायचुंग भुतियाला प्रथम संघात घेतले. त्यांच्याच काळात, फेब्रुवारी १९९६ मध्ये, भारत जागतिक क्रमवारीत ९४ व्या स्थानावर होता. सुखविंदरसिंग यांच्या संघाने २००१ साली विश्वचषक पात्रतेच्या गटात संयुक्त अरब अमिरातीला बंगळूरमध्ये हरविले आणि अवघ्या एका गुणाने गटातील पहिले स्थान गमावले. या यादीत एक परकीय, मग एक देशी, पुन्हा एक परकीय असा हेलकावा दिसतो. पराभव झाला की माणूस बदलावा आणि माणसाबरोबर शिकवण्याची सारी पद्धतही बदलावी, असाच जणू नियम ठरून गेला होता.

बॉब हाऊटन हे २००६ साली आले आणि पाच वर्षे टिकले, ही त्या काळात अपूर्वाई होती. १९७९ मध्ये त्यांनी स्वीडनच्या माल्मो क्लबला युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचविले होते. दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर २००७ व २००९ साली त्यांच्या संघाने नेहरू चषक जिंकला. त्याच मैदानावर ऑगस्ट २००८ मध्ये ताजिकिस्तानला ४–१ असे हरवून २०११ च्या आशिया चषकाचे दार उघडले. सुनील छेत्रीने त्या दिवशी तीन गोल केले. क्लायमॅक्स लॉरेन्स, महेश गवळी, समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा असे गोव्याच्या डेम्पो क्लबचे खेळाडू या संघाचा कणा होते. दोहा येथील स्पर्धेआधी काही खेळाडूंना क्लबच्या सामन्यांतून मोकळे करून परदेशात दीर्घ सराव देण्यात आला. म्हणजे वेळ अखेर मिळाला. पण प्रत्यक्ष सामन्यांपासून दूर राहून मिळाला. भारत तिन्ही सामने हरला आणि त्यांत तेरा गोल खाल्ले.

हाऊटन यांच्या जागी आर्मांदो कुलासो आले. डेम्पोला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून देणारे हे गोमंतकीय प्रशिक्षक त्या वेळी देशात सर्वांत यशस्वी होते, आणि राष्ट्रीय संघातील निम्मी नावे त्यांच्या रोजच्या सरावातील होती. रहीम यांच्या परिस्थितीशी इतके साम्य पुन्हा कधी जुळून आले नव्हते. जुलै २०११ मध्ये अमिरातीविरुद्धच्या पहिल्या सामन्यात गोलरक्षकासह दोघांना बाहेर काढण्यात आले आणि ३–० असा पराभव झाला. पाच दिवसांनी दिल्लीत त्याच संघाशी २–२ अशी बरोबरी झाली. पुढे काही महिन्यांतच कुलासो यांची कारकीर्द संपली. हेलसिंकीच्या दहा गोलांनंतर रहीम यांना जे मिळाले ते त्यांना मिळाले नाही. त्यांच्या मागून आलेले सावियो मदेरा हेही गोव्याचेच. डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण आशियाई विजेतेपद आणि नंतरच्या वसंतात काठमांडूला सर्व सामन्यांत हार, एवढ्यात तेही प्रकरण आटोपले.

त्यानंतर तेरा वर्षे एकही भारतीय माणूस त्या जागी बसला नाही. नेदरलंड्सचे कुव्हरमान्स, इंग्रज स्टीफन कॉन्स्टंटाइन आणि क्रोएशियाचे इगोर स्टिमॅच असे तिघे क्रमाने येऊन गेले. कॉन्स्टंटाइन यांची ही दुसरी खेप. त्यांच्या संघाने जानेवारी २०१९ मध्ये आशिया चषकात थायलंडला ४–१ असे नमविले. नंतर बहरीनविरुद्ध अखेरच्या क्षणी पेनल्टीवर गोल बसला. स्पर्धा संपताच त्यांनी राजीनामा दिला. स्टिमॅच यांना २०२४ मध्ये दूर केल्यावर स्पेनचे मानोलो मार्केझ नेमले गेले, तेही अशा अटीवर की गोव्याच्या क्लबचे प्रशिक्षकपद त्यांनी हंगामभर चालू ठेवावे. एकाच माणसाकडे दोन्ही कामे देण्यात रहीम यांच्या काळची आठवण होती. परंतु त्यांच्या क्लबात राष्ट्रीय संघाचा कणा नव्हता. आठ सामन्यांत एकच विजय मिळाला.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. मुंबईत खेळलेले आणि मुंबईच्याच क्लबला अनेक वर्षे शिकविलेले जमील यांनी २०१७ साली मिझोरमच्या आयझॉल या छोट्या क्लबला देशाचे विजेतेपद मिळवून दिले होते. त्यांची पहिली स्पर्धा ताजिकिस्तानात होती. फिफाने क्लबांवर बंधनकारक केलेल्या तारखांच्या आधी ती सुरू होत असल्याने कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबने आपले खेळाडू सोडले नाहीत. उरलेल्यांना घेऊन जमील गेले आणि ओमानला पेनल्टीवर हरवून तिसऱ्या क्रमांकाने परतले. पुढच्या महिन्यात, १४ ऑक्टोबर रोजी, मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २–१ असे हरविले. २०२७ च्या आशिया चषकाची वाट त्या दिवशी बंद झाली.