गर्भाशयमुखाची तपासणी : वेदना कमी करणाऱ्या पद्धती

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका आल्यास तेथील तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो. त्याच्या धास्तीने काही स्त्रिया फिरून रुग्णालयात येतच नाहीत. रोग मात्र थांबत नाही.

१९२५ साली जर्मनीत हिन्सेलमान यांनी कोल्पोस्कोप सिद्ध केला आणि संशयित जागा मोठी करून पाहता येऊ लागली. सौम्य ॲसेटिक आम्ल लावताच बिघडलेला भाग पांढुरका दिसतो. नेमका तेथूनच दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा चिमट्याने घेतात. त्या क्षणी स्त्रीस खोकावयास सांगितल्यास कळ कमी जाणवते. उपाय बिनखर्चाचा, म्हणूनच बहुधा दुर्लक्षित! सूक्ष्म आकड्यांच्या कापडी ब्रशने घासून नमुना घेण्याची पद्धतही आता उपलब्ध आहे.

नंतर एक-दोन दिवस किंचित रक्त गेल्यास घाबरू नये. प्रमाण वाढल्यास मात्र तत्काळ डॉक्टरांस दाखवावे.