सामाईक कोठार की ज्याची त्याची शिदोरी?

लिनक्स वापरणाऱ्यास नवा प्रोग्रॅम घ्यावयाचा झाल्यास आज दोन वाटा आहेत. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. घरच्या दुकानाची खतावणी मी ‘ग्नूकॅश’मध्ये ठेवतो आणि तो दोन्ही वाटांनी मिळतो. तेव्हा हा प्रश्न माझ्यापुरता तरी केवळ तात्त्विक नाही.

पहिली वाट जुनी. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनसारख्या वितरणात पॅकेजे एका सामाईक कोठारातून येतात. अनेक प्रोग्रॅमना लागणारा समान भाग, म्हणजे लायब्ररी, संगणकावर एकदाच ठेवतात. जागा वाचते हे तर खरेच, पण मोठा लाभ निराळा आहे. २०१४ साली ओपनएसएसएल या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. वितरणांनी त्या एका लायब्ररीचे दुरुस्त पॅकेज दिले. ते बसवून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करताच तिच्यावर विसंबलेले सारे प्रोग्रॅम त्या दोषातून सुटले. रोजकीर्दीतील एक नोंद सुधारावी आणि सगळी खाती जुळावीत, तसेच हे!

दुसरी वाट फ्लॅटपॅक आणि स्नॅप यांची. येथे प्रोग्रॅम आपली शिदोरी बरोबर बांधून आणतो, त्यामुळे वितरण जुने असले तरी प्रोग्रॅम नवा मिळतो. शिवाय त्याच्याभोवती कुंपण असते. माझा एक कानडी मित्र विचारतो, “कुंपण असल्यावर चिंता कसली?” परंतु फाटक किती रुंद ठेवायचे हे पॅकेज बांधणारा ठरवतो. काही फ्लॅटपॅक वापरणाऱ्याच्या सगळ्या फायली पाहण्याची परवानगी मागतात. मग खतावणी उघडीच की! शिदोरीतील लायब्ररीत दोष निघाला, तर ती बांधणाऱ्यानेच बदलली पाहिजे. फ्लॅटपॅकमध्ये ‘रनटाइम’ हा पाया अनेकांत सामाईक असतो, तेवढाच दिलासा.

अर्थात जुन्या वाटेवर बहुधा कुंपण नसते, हेही सांगितले पाहिजे. तेथला प्रोग्रॅम सहसा माझ्या सर्व फायली वाचू शकतो. तेथे भरवसा ठेवायचा तो पॅकेज सांभाळणाऱ्यांवर.

जमाखर्चाचे नियम दरसाल बदलत नाहीत; डेबियनमधला थोडा जुना ग्नूकॅश मला पुरतो, म्हणून खतावणी तेथेच आहे. ज्याचा मूळ मजकूर कंपनीबाहेर कोणी पाहिलेला नाही, असा गप्पांचा किंवा सभेचा प्रोग्रॅम मात्र मी फ्लॅटपॅकमधूनच घेतो आणि प्रथम त्याची घरच्या फायलींची परवानगी काढून टाकतो.